देव गरिबांत काम करतो म्हणतात, तर ते तुम्ही कुठे बघितलंत? (केडगावच्या निमित्ताने)

नगरची_सून
जय ख्रिस्त, आणि बाकी सगळ्यांना नमस्कार.

आमच्या भागात काही महिन्यांपासून एक नवीन सभा भरते. मंडप, मोठाले स्पीकर, पाळक बाहेरून येतात. उपदेश दर वेळी एकच: विश्वासाने बी पेरा, म्हणजे पाकिटात पैसे घाला, देव शंभरपट करून देईल. नाही मिळालं तर विश्वासात खोट. माझी नणंद चार घरची धुणीभांडी करते. नवऱ्याचं डायलिसिस चालू आहे. तरी दर महिन्याला पाकीट देते आणि त्याच्या आजाराला उतार पडत नाही म्हणून स्वतःलाच दोष देत बसते.

परवा मी जरा बोलले तर म्हणाली, "वहिनी, पंडिता रमाबाईंनी तरी काय केलं? हातात काही नसताना नुसत्या विश्वासावर निराधार बायका-मुलींसाठी केडगावचं मुक्ती मिशन उभं केलंच ना?"

तर दोन प्रश्न. रमाबाईंचं उदाहरण असं वापरता येतं का? आणि देवाचं सामर्थ्य दुबळ्यांत प्रगट होतं हे आपण संडे स्कूलपासून ऐकतो, ते तुम्ही प्रत्यक्ष कुठे पाहिलंत? छापील साक्षी नकोत. ख्रिस्ती नसलेल्यांनीही लिहा.

पोपटपंची
पहिला! (आता धागा वाचतो.)

तर्कट_पुणेकर
ताई, नणंदबाईंना सांगा की केडगाव विश्वासावर कमी आणि हिशोबावर जास्त उभं राहिलं. रमाबाई १८८६ ला अमेरिकेत गेल्या, गावोगाव भाषणं केली, पुस्तक विकलं. १८८७ मध्ये बोस्टनला त्यांच्या नावाने संस्था निघाली आणि तिने दहा वर्षं खर्च उचलायचं कबूल केलं. बाई अत्यंत हुशार, कष्टाळू आणि व्यवहारी होत्या. यात देव आणायची गरज काय? श्रेय त्यांना द्या, बोस्टनच्या बायकांना द्या.

कोकरू
@तर्कट, बोस्टनचे पैसे शारदा सदनासाठी, म्हणजे त्यांच्या विधवांच्या शाळेसाठी होते. ते सदन ११ मार्च १८८९ ला मुंबईत सुरू झालं, पुढल्या वर्षी पुण्यात आलं, आणि तिथे धर्म शिकवायचा नाही हा करार होता. केडगावचं मुक्ती सदन वेगळं. त्याला बांधलेला देणगीदार नव्हता. १८९६-९७ च्या दुष्काळात बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या, इकडे पुण्यात प्लेग, मुली ठेवायला जागा नाही. मग केडगावला घेतलेल्या शेतात तंबू आणि झोपड्या. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या तेव्हा आकडा दोन हजारांच्या आसपास गेला. एवढ्या तोंडांना रोज जेवण, जवळ शिल्लक काही नाही. हे हिशोबात बसवून दाखवा.

पण मला खरं बोलायचंय ते नगरच्या ताईंशी. नणंदबाईंनी उदाहरण अगदी उलटं धरलंय.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. मोठे विद्वान, बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं म्हणून समाजाने छळलेला माणूस. कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराण सांगत देशभर हिंडायचं. दुष्काळ आला तेव्हा जवळचं होतं नव्हतं ते दानधर्मात, व्रतांत, अनुष्ठानांत घातलं. देव प्रसन्न होईल आणि द्रव्य देईल या आशेवर. रमाबाईंनी स्वतःच हे लिहून ठेवलंय. पैसे संपले, भांडी विकली, शेवटी झाडपाला खाल्ला. १८७४ ला वडील गेले, मागोमाग आई, मग मोठी बहीण. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी उत्तरेला गेली. झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नाही, म्हणून वाळूत खड्डे खणून त्यात झोपायची, अंगावर कोरडी वाळू ओढून.

म्हणजे "आधी घाल, मग मिळेल" हा व्यवहार ही बाई सोळाव्या वर्षी आईबापांच्या प्रेतांपाशी बसून शिकली होती. तोच व्यवहार येशूच्या नावाने तिच्या डोक्यावर मारायचा म्हणजे कमाल आहे.

विठूचा_गजर
कोकरू, लिहिलंय छान, पण यातून "हिंदूंचा देव पावला नाही, ख्रिस्ताचा पावला" असा अर्थ निघणार असेल तर थांबतो. देवाला लाच देणं आमच्या संतांनीही झोडपून काढलंय. जनाबाई कोणाच्या घरची दासी होती? दळताना तिच्या जात्याचा खुंटा धरायला विठोबा आला, तिने काय पाकीट दिलं होतं? चोखोबा तर देवळाच्या बाहेर उभे. तेव्हा गरिबाच्या घरात येणारा देव ही गोष्ट मराठी मुलखाला पाद्र्यांनी शिकवलेली नाही.

कोकरू
@विठूचा_गजर, अजिबात तसं म्हणायचं नाही. धंदा तोच आहे, दुकानाची पाटी बदलली, एवढंच. आणि जनाबाईंबद्दल शंभर टक्के. आमचे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक यांची भजनं आम्ही चर्चमध्ये टाळ-मृदंगावर म्हणतो ती काय उगाच?

घाटावरची_मैना
अवांतर: हे केडगाव म्हणजे नगरजवळचं ना? आमचे पाहुणे राहतात तिथे, मिशन कधी ऐकलं नाही.

दौंड_लोकल
@मैना, ते दुसरं. हे दौंड तालुक्यातलं, पुण्याहून दौंडकडे जाताना स्टेशन लागतं. चौफुल्याजवळ. मुक्ती मिशन आजही चालू आहे, निराधार बायका, मुलं, अंध मुली. आणि याच गावाजवळ केडगाव बेट आहे, नारायण महाराजांचं दत्ताचं स्थान. गुरुवारी आमच्या डब्यात अर्धे बेटावर निघालेले आणि नाताळात अर्धे मिशनला. भांडण मात्र दोन्ही वेळा खिडकीवरूनच.

पोपटपंची
मराठी ख्रिस्ती इतिहासात रेल्वेचा वाटा मोठाच आहे. टिळकांना नवा करार कुठे मिळाला? रेल्वेच्या डब्यात, एका गोऱ्या साहेबाकडून. आम्हाला डब्यात फक्त वडापाव मिळतो.

कुपारी_पोर
वसईहून कॅथलिक मत मांडतो. 😊

सभेतल्या त्या पाळकांनी विधवेच्या दोन टोल्यांचा, म्हणजे दोन क्षुल्लक नाण्यांचा दाखला नक्की दिला असणार. मार्कच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय. श्रीमंतांनी पुष्कळ टाकलं, विधवेने दोन टोल्या टाकल्या, तिने सगळ्यांपेक्षा जास्त टाकलं. यावर दानपेटीचं प्रवचन पिढ्यान्पिढ्या चालत आलंय, आमच्याकडेही.

पण तीच गोष्ट दोन ओळी वरून वाचा. येशू शास्त्र्यांबद्दल सावध राहा म्हणतो. लांब झगे घालून मिरवतात, मेजवानीत पहिली जागा धरतात, लांबलचक प्रार्थना करतात आणि विधवांची घरं गिळतात. त्यानंतर लगेच विधवा येते आणि आपली सगळी उपजीविका पेटीत टाकते. मग पुढच्या अध्यायात शिष्य मंदिराच्या दगडांचं कौतुक करतात, तर तो म्हणतो, यातला दगडावर दगड राहणार नाही. मला तर वाटतं येशूला तिचं कौतुक होतं आणि त्या पेटीचा संतापही. ताई, नणंदबाईंसोबत बसून हा भाग सलग वाचा. तुम्ही काही बोलू नका, तिलाच वाचू दे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर माझं उत्तर साधं आहे. आमच्या धर्मग्रामात सेंट व्हिन्सेंट डी पॉलवाली मंडळी आहेत. निवृत्त मास्तर, भाजी विकणाऱ्या बायका. दोघादोघांनी गरीब घरी जायचं, कोण आजारी, कोणाची फी राहिलीय ते बघायचं आणि ते बाहेर कुठेही बोलायचं नाही. माझे वडील आयुष्यभर गेले. कुणाकडे जात होते हे आम्हाला त्यांच्या मयतीला आलेल्या लोकांवरून कळलं.

आळशी_उंट
+१. सलग वाचा हा सल्ला बायबलच नाही, भाड्याच्या करारालाही लागू.

न्यू_जर्सीचा_भाऊ
केडगावचा विषय निघालाय तर १९०५ राहून चाललंय. वेल्समधल्या १९०४ च्या धार्मिक जागृतीच्या बातम्या मुक्तीत पोचल्या होत्या, रमाबाईंनी मुलींचे प्रार्थनेचे गट केले. जून १९०५ च्या अखेरीला रात्री वसतिगृहात मुली रडून, मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, आणि मग ते बरेच महिने चाललं. लॉस एंजेलिसची अझुसा स्ट्रीटची जागृती, जिथून पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणारी पेंटेकॉस्टल चळवळ निघाली असं इथे अमेरिकेत सगळे सांगतात, ती एप्रिल १९०६ ची. केडगाव त्याच्या आधी.

आणि पुढची गंमत. मुक्तीत मिनी अब्राम्स नावाच्या अमेरिकन मिशनरी होत्या. त्यांनी या घटनेवर एक पुस्तिका लिहिली आणि चिलीतल्या वालपाराइसोला आपल्या जुन्या मैत्रिणीला, हूवरबाईंना पाठवली. ती आणि तिचा पाळक नवरा विलिस हूवर यांच्यावर त्या पुस्तिकेचा इतका परिणाम झाला की १९०९ मध्ये तिथल्या मेथडिस्ट मंडळीत उलथापालथ होऊन चिलीचं पेंटेकॉस्टल चर्च उभं राहिलं. गोदामात मरायला टाकल्यासारख्या दुष्काळी पोरींची प्रार्थना, आणि तिचे पडसाद दक्षिण अमेरिकेत. आमच्या इथल्या चर्चमध्ये चिलीचं एक कुटुंब आहे, त्यांना पुणे माहीत नाही पण मुक्ती माहीत आहे!

तर्कट_पुणेकर
उपाशीपोटी वाढलेल्या, घरची माणसं डोळ्यांदेखत मेलेल्या शेकडो किशोरवयीन मुली एका छपराखाली. एकीचा बांध फुटला की सगळ्यांचा फुटणार. याला मानसशास्त्रात स्पष्टीकरण आहे. सामर्थ्य वगैरे नंतरच्या लोकांनी चिकटवलं.

न्यू_जर्सीचा_भाऊ
बांध फुटला असेलही. पण नंतर त्या गटागटाने आसपासच्या गावांत जायला लागल्या, त्याचं काय? ज्यांना बापाने विकलं असतं, ज्यांची सावली नको होती, त्या मुली बायबलबाई होऊन लोकांसमोर उभं राहून बोलतात. हिस्टेरियाने एवढं होतं का? आणि रमाबाईंनी स्वतः अन्यभाषा बोलणं (प्रार्थनेच्या भरात न शिकलेल्या भाषेत बोलणं) ही सगळ्यांसाठी अट केली नाही. डोकं ठिकाणावर असलेली बाई होती.

तर्कट_पुणेकर
डोकं ठिकाणावर होतं याबद्दल आपलं एकमत आहे. 😄 बाय द वे, शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. आमच्या आजीचं शिक्षण कर्व्यांच्या संस्थेत झालं. त्यामुळे रमाबाईंचं देणं आमच्याही घरावर आहे, ते मी नाकारत नाही.

जामखेड_फाटा
मी ख्रिस्ती नाही. आम्ही बौद्ध. ताईंनी कुठे पाहिलंत विचारलं म्हणून लिहितो.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे १९७० ला जामखेडला आले. दोघं वेल्लोरला शिकलेले, परदेशात राहता आलं असतं. पक्के ख्रिस्ती, पण मी लहानपणापासून त्या आवारात जायचो, मला कुणी कधी धर्म बदल म्हटलं नाही. त्यांनी गावागावातल्या बायका निवडल्या, बऱ्याच निरक्षर, बऱ्याच दलित, आणि त्यांना शिकवलं. बाळंतपण कसं करायचं, बाळाला जुलाब लागले तर साखर-मीठ-पाणी कसं द्यायचं, कुष्ठाचा डाग कसा ओळखायचा. माझी आत्या त्यांतली. अंगठा लावणारी बाई. सुरुवातीला पाटलाच्या वाड्यात तिला ओट्याखाली उभं करायचे. नंतर त्याच वाड्यातली सून अडली तेव्हा रात्री बैलगाडी पाठवली आणि आत, बाजेपाशी नेलं.

बाहत्तरच्या दुष्काळातली गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. बोअर घ्यायचे होते, तर आरोळ्यांनी हातपंप दलित वस्तीत बसतील असं पाहिलं. मग काय, तहान लागली की सगळं गाव आमच्या वस्तीत. शिवाशिवीवर भाषण एक नाही केलं. १९७९ ला दोघांना मॅगसेसे मिळालं.

याला तुम्ही देवाचं सामर्थ्य म्हणा, मी आरोळ्यांची अक्कल आणि माझ्या आत्याची जिद्द म्हणतो. तिला विचारलं तर ती म्हणायची, "डाक्टरबाईनं मला खुर्चीत बशिवलं." एवढंच.

कोकरू
दादा, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून आमच्या पाळकसाहेबांना देणार आहे. रविवारी वाचू द्या.

आळशी_उंट
पाळकसाहेब वाचतील, पण त्यावर पाऊण तास स्वतःचं जोडतील. चूल पेटवून आलेल्या बायकांचा विचार करा.

वडाळा_ते_वाशी
इतका वेळ वाचत होतो. आता कडू लिहितो, रागावू नका.

गरिबीत देव दिसतो म्हणणारे बहुतेक जण गरीब नसतात. आमचे पणजोबा नगर जिल्ह्यात मिशनच्या काळात ख्रिस्ती झाले. जात तीच राहिली, गावाने ती विसरू दिली नाही, आणि चर्चमध्येही लग्नं जुळवताना ती बरोब्बर आठवते. वरून १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती दलिताला अनुसूचित जातीत जागा नाही. शिखांना १९५६ ला मिळाली, बौद्धांना १९९० ला मिळाली, ते योग्यच झालं. आमचं प्रकरण कोर्टात आणि आयोगांत. २०२२ मध्ये आणखी एक आयोग नेमला. मला नोकरीच्या अर्जात रकाना भरताना कुठलीही आशा आठवत नाही.

मरीयेचं स्तोत्र आपण नाताळात गोड चालीवर म्हणतो. त्यात काय आहे? अधिपतींना आसनांवरून ओढून काढलं, भुकेल्यांना तृप्त केलं, धनवानांना रिकाम्या हाती लावून दिलं. ती मुलगी नासरेथची, गरीब घरची. ती "मला शंभरपट मिळेल" म्हणत नाही, सगळी उतरंडच उलटेल म्हणते. आम्हाला हे स्तोत्र मेणबत्ती लावून शांतपणे म्हणायला शिकवलं. गरीब राहा आणि आशा धरा एवढाच निरोप असेल तर मंडपवाला आणि जुनं चर्च यांच्यात फरक फक्त पाकिटाचा.

कुपारी_पोर
@वडाळा, रागावण्यासारखं काही नाही. जातीचं तर आमच्या वसईतही झाकलेलं आहे इतकंच. फक्त एक. आशा धरली म्हणून गप्प बसावं लागतं असं नाही. रमाबाईंनीच १८९७ मध्ये प्लेगच्या सरकारी व्यवस्थेत बायकांचे काय हाल होतात यावर मुंबईच्या वर्तमानपत्रात जाहीर लिहिलं, इतकं झणझणीत की प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेलं. देव पुरवेल म्हणणारी बाई सरकारला सोडत नव्हती.

वडाळा_ते_वाशी
हे मला माहीत नव्हतं. अशा रमाबाई चर्चच्या कॅलेंडरवर का येत नाहीत? तिथे फक्त पांढऱ्या लुगड्यातला शांत फोटो.

विठूचा_गजर
सर्व संतांचं तेच होतं हो. आमच्या तुकोबांचीही आता फक्त टाळ घेतलेली मूर्ती उरलीय.

कोकरू
आणखी एक, मग थांबते. रमाबाईंना ऐकू कमी यायचं. इंग्लंडमध्ये डॉक्टर व्हायचं होतं, त्या बहिरेपणामुळे राहिलं. पुढे हिब्रू-ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणायला घेतलं, खेड्यातल्या बाईला कळेल असं. मुक्तीच्याच छापखान्यात, दुष्काळातून आणलेल्या मुलींनी खिळे जुळवले. मनोरमाच्या हाती सगळं सोपवायचं ठरलं होतं, तर ती एकुलती एक मुलगी १९२१ च्या जुलैत गेली. बाई स्वतः ५ एप्रिल १९२२ ला. सबंध बायबल बाहेर पडलं १९२४ ला. विश्वासाने शंभरपट मिळतं हा नियम असता तर मनोरमा का गेली? बाईंचा विश्वास कमी पडला म्हणावं का? इब्री पत्राच्या अकराव्या अध्यायात अशाच लोकांची यादी आहे, वचन दिलेलं पदरात न पडता मेलेली. नणंदबाईंना कुणी "तुझा विश्वास कमी" म्हटलं तर हे सांगा.

नगरची_सून
सगळ्यांचे आभार. कुपारीदादांनी सांगितल्याप्रमाणे काल दोघींनी मार्कचा बारावा अध्याय वाचला. ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "पण वहिनी, तिथे गेलं की बरं वाटतं. तिथे मला कुणी भांडीवाली म्हणत नाही, सिस्टर म्हणतात." यावर मी गप्प. आमच्या जुन्या चर्चमध्ये ती मागच्या बाकावर बसते आणि उपासना संपली की तिच्याशी कुणी दोन शब्द बोलत नाही, हेही खरंच आहे. पाकीट बंद करेल असं वाटत नाही.

जामखेड_फाटा
खुर्चीचाच प्रश्न आहे ताई.

तर्कट_पुणेकर
इतकी चर्चा झाली, पण मुद्द्याचं कुणी विचारलंच नाही. डायलिसिसला पैसे लागतातच कसे? जिल्हा रुग्णालयांत राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आहे, गरिबांना मोफत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस बसतं. ते कुठे करून घेतात?

नगरची_सून
खाजगीत. सुरुवात तिथे झाली म्हणून तिथेच चालू राहिलं. योजनेचं कुणीतरी म्हटलं होतं पण कार्डावर नाव चुकीचं आहे म्हणून परत पाठवलं.

तर्कट_पुणेकर
रेशनकार्ड आणि आधार, दोन्हीवरचं नाव आधी एकसारखं करून घ्या. रेशनकार्डाचं काम तहसीलमध्ये होतं. मग योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं टेबल असतं, तिथेच बोला, मधल्या माणसाला पैसे देऊ नका. माझा मावसभाऊ नगरला आरोग्यमित्र आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो नंबर, माझं नाव सांगा.

वडाळा_ते_वाशी
तहसीलचं मी बघतो. पुढच्या आठवड्यात गावी येतोय, कार्डाच्या झेरॉक्स व्यनित पाठवा. तिथल्या क्लार्कशी भांडायचा मला पिढीजात अनुभव आहे.

पोपटपंची
तर्कटराव, सांभाळा. पुढच्या महिन्यात तुमच्या नावाने कुणीतरी साक्ष देणार.

तर्कट_पुणेकर
देऊ दे. बोस्टनचे पैसे उल्लेखायला विसरू नका म्हणावं.

घाटावरची_मैना
न्यू जर्सीचे भाऊ, त्या चिलीच्या कुटुंबाला मुक्ती नेमकी कशी माहीत? तिकडे स्पॅनिशमध्ये काही छापलंय का? वेगळा धागा काढा ना.